सेंट किल्डा : बेटाचा धडा आणि एक प्रश्न



'चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात.' ही व्याख्या आपण सगळ्यांनीच फळ्यावर लिहिली आहे. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, गुण मिळतात, संपलं. यंदा चौथीला शिकवताना मला वाटलं, बेटावर माणसं जगतात कशी हेही मुलांना कळू दे. म्हणून नकाशात स्कॉटलंड शोधलं आणि त्याच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात बोटाने एक ठिपका दाखवला : सेंट किल्डा. हा छोटा द्वीपसमूह आहे. त्यातल्या हिर्टा या सर्वांत मोठ्या बेटावर वस्ती होती. आधीच मुख्य भूमीपासून दूर असलेल्या हेब्रिडीज बेटांच्याही पुढे साधारण 64 किलोमीटर समुद्र ओलांडला की हे बेट येतं.

"मॅडम, तिथे खायचं काय?" हा पहिला प्रश्न. उत्तर : पक्षी. फुलमार, गॅनेट, पफिन. चारशे मीटरहून उंच कडे आहेत तिथे. दोराला लटकून माणसं पक्षी आणि अंडी गोळा करायची. पक्ष्यांचं मांस दगडी कोठारांत वाऱ्यावर वाळवून ठेवायचं. अशी हजाराहून जास्त कोठारं आजही बेटावर उभी आहेत. जमीनमालकाला खंड द्यायचा तोही बऱ्याच अंशी पक्ष्यांच्या पिसांच्या रूपात! आणि रोज सकाळी गावातले सगळे पुरुष रस्त्यावर जमून आज कोणतं काम करायचं ते ठरवायचे. अध्यक्ष वगैरे कुणी नाही. बाहेरच्या लोकांनी त्याला 'पार्लमेंट' असं नाव दिलं होतं. आमच्या मुलांनी लगेच त्याला परिपाठ म्हणून टाकलं.

1727 ची गोष्ट सांगितली तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. तीन माणसं आणि आठ मुलगे पक्षी पकडायला समुद्रातल्या एका उभ्या सुळक्यावर उतरले होते. इकडे गावात देवीची साथ आली आणि त्यांना आणायला होडी वल्हवणारं कुणी उरलंच नाही. अख्खा हिवाळा त्यांनी त्या खडकावर काढला. पुढच्या मे महिन्यात त्यांची सुटका झाली.

मुलांना सगळ्यात आवडली ती तिथली टपालहोडी. लाकडाचा तुकडा होडीसारखा कोरायचा, आत पत्र ठेवायचं, तरंगायला मेंढीच्या मूत्राशयाचा फुगा बांधायचा आणि योग्य वारा बघून समुद्रात सोडायचं. कधी ते स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागायचं, तर कधी थेट नॉर्वेला. (हा उपक्रम वर्गात जरूर घ्या. आम्ही थर्माकोल आणि फुगा वापरला. तीन होड्या टाकीतच बुडाल्या.)

मग बेट रिकामं का झालं? एका कारणाने नाही. प्रवासी बोटी यायला लागल्या, बाहेरच्या वस्तूंची सवय झाली, पहिल्या महायुद्धानंतर तरुण निघून गेले, आजार आले. शेवटी होडी वल्हवायला आणि कड्यावर उतरायला पुरेशी माणसंच राहिली नाहीत. 1930 च्या मे महिन्यात गावकऱ्यांनी स्वतःच सरकारला अर्ज लिहिला, आम्हाला इथून हलवा. हे मी मुलांना दोनदा सांगितलं, कारण कुणीतरी जबरदस्तीने हाकललं असं त्यांना वाटत होतं.

29 ऑगस्ट 1930. उरलेली 36 माणसं 'हेअरबेल' या जहाजात बसली. निघताना प्रत्येक घरात बायबल उघडं ठेवलं, शेजारी ओट्सची छोटी रास ठेवली आणि दार लावून घेतलं. त्यांच्यात रेचल जॉन्सन ही आठ वर्षांची मुलगी होती, म्हणजे आपल्या तिसरीतली. बेटावर जन्मलेल्यांपैकी ती शेवटची. 2016 मध्ये, 93 व्या वर्षी ती वारली. गंमत बघा, बेटावर झाड औषधालाही नव्हतं, आणि मुख्य भूमीवर पुरुषांना काम मिळालं ते वनखात्यात!

गुरं-मेंढ्या आधीच बोटीने पाठवल्या होत्या, हेही मी सांगितलं आणि धडा संपवत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, आणि त्यांची कुत्री?"

उत्तर मला माहीत होतं. कुत्र्यांना सोबत नेलं नव्हतं. गळ्यात दगड बांधून त्यांना समुद्रात बुडवलं होतं. मी म्हटलं, "बघून सांगते." घंटा झाली, मी सुटले.

खरं सांगते, त्या रात्री मला स्वतःचाच राग आला. आदल्याच आठवड्यात मी पालकसभेत म्हणाले होते की मुलांचा एकही प्रश्न टाळू नका. पण नऊ वर्षांच्या मुलाला हे सांगायचं कसं? आणि नाही सांगितलं, तर त्या उघड्या बायबलचं एक सुंदर चित्र तेवढं मी त्याला दिलं असतं. जाणं किती जड होतं ते त्या चित्रात नाही, ते कुत्र्यांच्या गोष्टीत आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला बोलावलं आणि आहे तसं सांगितलं. फक्त हळू आवाजात. तो काही बोलला नाही. "जाऊ?" म्हणाला आणि खेळायला गेला. मला वाटलं, बरं झालं, विसरला.

सोमवारी त्याची आई फाटकाशी भेटली. "मॅडम, काय शिकवलंत हो? दोन दिवस झाले, आमच्या मोत्याला हा अंगणात सोडतच नाहीये. स्वतःच्या खाटेला बांधून ठेवलाय."