आकडा कुठे थांबला?

'बिघडलंय' हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा आणि तितकाच निरुपयोगी शब्द आहे. पंखा बिघडतो, पोट बिघडते, शेजाऱ्यांशी असलेले संबंध बिघडतात, आणि मुलगा बिघडतो तो तर घरोघरी! हा शब्द एकदा उच्चारला की बोलणाऱ्याची जबाबदारी संपते आणि ऐकणाऱ्याची सुरू होते. म्हणून चांगला वैद्य 'पोट बिघडलंय' एवढ्यावर कधी औषध देत नाही. तो पोटावर बोट ठेवून विचारतो, "इथं दुखतं? की इथं?" बोट नेमके जागेवर पडले की रोगी ओरडतो आणि वैद्याचा चेहरा खुलतो. रोग्याला हा निर्दयपणा वाटतो. पण अर्धे औषध त्या ओरडण्यातच असते.

हे शहाणपण मला कोणा वैद्याने शिकवले नाही. ते मला एका लढाऊ विमानाने शिकवले. दचकू नका. माझे विमान खिडकीजवळच्या टेबलावर उभे असते आणि पाहुणे आले की त्यावर चहाचे कप ठेवतात. एक संगणक, एक दांडा, एक थ्रॉटल, आणि 'डीसीएस वर्ल्ड' नावाचा सिम्युलेटर, एवढाच तो संसार. घरातली मंडळी याला 'ह्यांचं विमान' म्हणतात आणि त्या 'ह्यांचं'मध्ये जो सूर असतो, तो विवाहित वाचकांना समजावून सांगायला नको.

या सिम्युलेटरात २०१८ सालापासून 'एफ/ए-१८ सी हॉर्नेट' हे अमेरिकी आरमाराचे विमान आहे. या जातीचे खरे विमान प्रथम उडाले ते १९७८ साली. इतर खेळांत बटण दाबले की माणूस आभाळात असतो. इथे तसे नाही. थंडगार, मुक्या विमानात तुम्हाला बसवतात आणि सांगतात, आता याला जागे करा. पुष्कळांना हाच भाग कंटाळवाणा वाटतो. मला लढाईपेक्षा तोच आवडतो.

जेट इंजिन सुरू करणे म्हणजे चूल पेटवणे, याहून सोपी उपमा मला सापडलेली नाही. वारा, जळण आणि ठिणगी एवढ्याच तीन गोष्टी. पण क्रम चुकला की संपले. प्रथम बॅटरीचा खटका. त्यानंतर एक छोटे सहायक इंजिन सुरू करायचे. त्याला 'एपीयू' म्हणतात. ते नीट चालू लागले की हिरवा दिवा लागतो. मग या छोट्या इंजिनाची दाबलेली हवा मोठ्या इंजिनाच्या स्टार्टरकडे सोडायची. ही झाली आपली फुंकणी. स्टार्टर मोठ्या इंजिनाला गरगर फिरवू लागतो आणि समोर फेऱ्यांचा आकडा टक्क्यांत चढू लागतो: पाच, सात, नऊ. दहा टक्के झाले की थ्रॉटल 'बंद'वरून उचलून 'आयडल'च्या खाचेत टाकायचा. तेव्हा कुठे जळण आत जाते, ठिणगी पडते आणि चूल पेटते. आकडा साठीच्या पुढे जाऊन स्थिरावला की इंजिन स्वतःच्या पायावर उभे राहिले. मग जनित्र वीज देऊ लागते आणि समोरचे काळे पडदे उजळतात.

दहा टक्क्यांची वाट का पाहायची? कारण वाहती हवा केवळ जाळायला लागत नाही, उष्णता वाहून न्यायलाही लागते. वारा पुरेसा नसताना जळण सोडले, तर आगीचा सारा ताप टर्बाइनच्या पात्यांवर बसतो. फुंकणी हाती घ्यायच्या आधी चुलीत रॉकेल ओतणाऱ्या माणसाच्या भुवयांचे जे होते, तेच त्या पात्यांचे होते. आणि जेटचे जळण तरी काय, रॉकेलचाच चुलतभाऊ!

एवढी प्रस्तावना केली ती माझ्या पुतण्यासाठी. तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्या वर्षी त्याचे दोन विषय राहिले होते आणि घरात त्यावर जेवढे बोलायचे तेवढे बोलून झाले होते. त्याचा एका रात्री उशिरा फोन आला. मित्राकडून मागून आणलेला थ्रॉटल त्याने संगणकाला जोडला होता आणि चार संध्याकाळी तो हॉर्नेटशी झुंजत होता. सगळा सिम्युलेटर त्याने काढून पुन्हा घातला होता, तोही दोनदा.

"काका, इंजिन लागतच नाही हो. बिघडलंय सगळं. मला यंत्रातलं काही जमत नाही, हेच खरं."

शेवटचे वाक्य विमानाविषयी नव्हते, हे मला कळले. पण रात्री साडेअकरा वाजता पुतण्याला उपदेश करणाऱ्या काकाचा फोन पुन्हा कधी वाजत नसतो. म्हणून मी एवढेच विचारले, "आकडा कुठे थांबला?"

"कसला आकडा?"

"फेऱ्यांचा. पुन्हा सुरू कर आणि बघून सांग."

थोडा वेळ खटक्यांचे आवाज आले. मग तो म्हणाला, "चढला... दहा झाले... पंधरा... विसाच्या वर गेला आणि तिथंच अडकलाय."

"छान!" मी म्हणालो.

"छान काय, काका?"

"अरे, विसाच्या वर गेला ना? मग बॅटरी ठीक आहे. बॅटरी ठीक, म्हणून एपीयू लागला. एपीयू ठीक, म्हणून हवा मिळाली. हवा मिळाली आणि स्टार्टरही ठीक, म्हणून इंजिन फिरलं. 'सगळं बिघडलंय' म्हणत होतास, त्यातल्या चार गोष्टी उत्तम चालल्या आहेत. वारा आहे, चूल पेटत नाही. आता फक्त जळणाचं बघायचं."

पलीकडे शांतता पसरली. रागाची शांतता आणि विचाराची शांतता यांतला फरक फोनवरही ऐकू येतो.

हॉर्नेटमध्ये येथे एक मेख आहे. टेबलावरचा थ्रॉटल अगदी मागे ओढला, तरी विमानातला 'बंद'मधून आपोआप 'आयडल'वर येत नाही. त्यासाठी वेगळी कळ दाबावी लागते. उजव्या इंजिनासाठी उजवी शिफ्ट आणि होम. ती तो दर वेळी दाबत होता. मग जळण का जाईना? ही कळ ऐकली जाण्यासाठी थ्रॉटल पुरता मागे असावा लागतो. त्याचा हातातला थ्रॉटल मागेच होता. पण विमानालाही तसेच वाटत होते काय?

"नियंत्रणांचा तक्ता उघड," मी म्हणालो. "आडव्या ओळींत कामं असतील, उभ्या रकान्यांत तू जोडलेली यंत्रं. थ्रॉटलच्या ओळीत किती रकाने भरलेत?"

"दोन," तो म्हणाला, आणि लगेच, "अरेच्चा!"

त्याच्या जुन्या दांड्यावर एक छोटी सरकपट्टी होती. तिच्याकडेही थ्रॉटलचेच काम आलेले होते आणि ती अर्ध्यावर उभी होती. एक मालक म्हणे 'मागे', दुसरा म्हणे 'अर्ध्यावर'. दोन धन्यांचा चाकर जे करतो तेच विमान करीत होते. म्हणजे काहीच नाही. त्याने तो रकाना पुसला, आणि मला फोनवरून प्रथम एक बारीक शीळ ऐकू आली, मग घरघर, मग पुतण्याचे ओरडणे. वैद्याच्या बोटाखाली रोगी ओरडतो ना, तसेच, फक्त आनंदाचे.

त्यानंतर आम्ही विषयांबद्दल बोललो, पण ते त्याने काढले म्हणून. एक होता गणिताचा, दुसरा उष्णतेच्या शास्त्राचा. मी पुन्हा तेच विचारले. कोणत्या धड्यापर्यंत समजते? तिथवरचे सारे ठीक आहे असे धरू. त्याच्या पुढे काय? पुष्कळ वेळाने तो म्हणाला, की गणित समाकलनापर्यंत येते, तिथे अडकते. आणि दुसरा विषय त्या गणितावाचून पुढे सरकत नाही. म्हणजे बिघाड दोन नव्हते, एकच होता. तो त्याने एका रात्रीत दुरुस्त केला असे सांगून मी वाचकांना फसवणार नाही. पण 'मला काही जमत नाही' या वाक्याला औषध नसते. 'मला अमुक ठिकाणापासून जमत नाही' या वाक्याला असते.

सिम्युलेटरात मिग-२१ ही आहे. हे विमान आपल्या हवाई दलात १९६३ साली आले. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ते वर्षानुवर्षे बांधले गेले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याने निरोप घेतला. किती फिटरांनी आणि वैमानिकांनी त्याच्या काट्यांकडे श्वास रोखून पाहिले असेल! परवा पुतण्याने त्या मिगला हात घातला. रात्री फोन वाजला तेव्हा मी जरा सावध होऊनच उचलला.

"काका, मिग लागत नाहीये," तो म्हणाला. "बॅटरी आहे, पंप चालू आहेत, काटा हलतो आणि मध्येच थांबतो. म्हणजे जळणापर्यंत आलोय. तुम्ही काही सांगू नका. नुसतं कळवायला फोन केला."

मी काही सांगितले नाही. सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते.