साक्षीदाराचा 'हो'

गेल्या पावसाळ्यापासून माझा उजवा कान अधू झाला आहे, आणि साक्षीदाराचा पिंजरा नेमका त्याच बाजूला येत असल्यामुळे, ज्या खुर्चीवर बसून मी तीस वर्षे दुभाष्याचे काम केले ती खुर्ची पलीकडे सरकवण्याची परवानगी मला न्यायासनाकडे मागावी लागली. शब्द मला अजून ऐकू येतात. निसटतात ते होकार. 'हूं' आणि 'अंहं' यांत अंतर ते किती? मध्ये एकदा श्वास तुटतो, एवढेच; पण तो तुटलेला श्वास हाच नकार असतो, आणि तो ज्याला ऐकू येत नाही त्याने शपथ घेऊन दुसऱ्याच्या जबानीचे इंग्रजी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु कान शाबूत असतानाही ज्या एका शब्दाने माझा पिच्छा सोडला नाही तो म्हणजे इंग्रजीतील 'येस'. शाळेच्या पहिल्या धड्यात त्याच्यासमोर 'होय' असा अर्थ लिहिलेला असतो, आणि होकारार्थी प्रश्नापुरता तो निर्वेध चालतोही. कसोटी लागते ती नकारार्थी प्रश्नाच्या वेळी. 'तुम्ही तेथे हजर नव्हता?' या प्रश्नाला आपल्याकडचा खेड्यातला माणूस 'हो' म्हणतो, तेव्हा तो विचारणाऱ्याच्या म्हणण्याला रुकार देत असतो: तुम्ही म्हणता ते बरोबर, मी नव्हतो. त्याच प्रश्नाला इंग्रज 'येस' म्हणतो तेव्हा विचारणाऱ्याच्या म्हणण्याशी त्याला कर्तव्य नसते. आपण हजर होतो, एवढेच तो सांगतो. बरे, हा नियम तरी अव्यभिचारी असावा! तोही नाही. इंग्रजी शाळेतून बाहेर पडलेला मराठी गृहस्थ 'नाही, नव्हतो' असे इंग्रजी वळणाने म्हणतो, आणि त्याचाच सख्खा चुलता, त्याच खटल्यात, त्याच प्रश्नाला 'हो' म्हणतो. अर्थ दोघांचा एकच. आणि हजर असलेल्या माणसाला नकारार्थी प्रश्न खोडून काढायचा असेल तर तो 'हो'च्या वाटेला जातच नाही. तो 'होतो की!' म्हणतो. त्या एकाक्षरी 'की'मध्ये जे बळ आहे ते इंग्रजीत उतरवायला मला अजून शब्द सापडलेला नाही.

इंग्रजीलाही हा पेच एके काळी ठाऊक होता. त्या भाषेत पूर्वी होकाराचे दोन आणि नकाराचे दोन शब्द होते. सरळ प्रश्नाला 'ये' किंवा 'ने', आणि नकारार्थी प्रश्नाला 'येस' किंवा 'नो'. विल्यम टिंडल याने 1526 साली नव्या कराराचे भाषांतर छापले, त्यात योहानाच्या शुभवर्तमानातील एका सरळ प्रश्नाला त्याने 'नो' असे उत्तर घातले, 'ने' घातले नाही, म्हणून सर टॉमस मोर या कायदेपंडिताने त्याच्यावर भर ग्रंथात दोषारोप ठेवला. आणि तो नियम समजावून सांगता सांगता मोर स्वतःच एका वाक्यात त्याची उलटापालट करून बसला. धर्मापायी दोघांनाही प्राण द्यावे लागले, एकाला 1535 मध्ये, दुसऱ्याला 1536 मध्ये. पुढे तो भेद भाषेतून गेला, आणि चार शब्दांचे ओझे दोघांवर आले. मोरची ती चूक मी प्रथम वाचली तेव्हा मला समाधान वाटले, हे कबूल करतो, कारण तशीच एक चूक माझ्या नावावर जमा आहे.

मृत्युपत्राचा दावा होता. 1925 च्या वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याची सही प्रत्यक्ष पाहिलेले, अथवा ती आपलीच असल्याचे त्याच्या तोंडून ऐकलेले, असे किमान दोन साक्षीदार लागतात, आणि त्यांपैकी एक, गिरणीत जॉबर म्हणून जन्म घालवलेला कोकणातला वृद्ध, पिंजऱ्यात उभा होता. उलटतपासात विरुद्ध बाजूच्या वकिलांनी इंग्रजीत विचारले, ते मी मराठीत सांगितले: 'सही झाली तेव्हा तुम्ही खोलीत नव्हता?' म्हातारा म्हणाला, 'हो.' आणि मी क्षणाचाही विलंब न लावता, माझे इंग्रजी घोटीव आहे या अभिमानाने, 'येस, आय वॉज' असे सांगितले. 'हो' त्याचा होता. 'आय वॉज' सर्वस्वी माझे. त्याच्यावर विसंबून वकिलांनी मेज कोठे होते, दौत कोणाची होती, असे प्रश्न सुरू केले, आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून माझी चूक मला दुसऱ्याच प्रश्नाला उमगली. मी उठून ती सांगितली नाही. साक्षीदाराला प्रश्न पुन्हा विचारण्याची वेळ माझ्यावर कधी येत नाही, अशी माझी ख्याती होती, आणि ती मला त्या म्हाताऱ्याच्या शपथेहून मोलाची वाटली. पाव तासाने तोच काकुळतीला येऊन म्हणाला, 'मी तिथे नव्हतोच, तर दौत कशी सांगू?' तेव्हा सारा उलगडा झाला. टिपण दुरुस्त झाले, मला कोणी बोलले नाही. पण त्या पाव तासाचे मौन माझे होते.

आमच्या व्यवसायातील अनेकांनी या पेचावर सोपा तोडगा काढला आहे. 'मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही', या साच्यात ते प्रत्येक उत्तर ओततात. साचा निर्धोक आहे यात शंका नाही. पण कोल्हापूरचा 'व्हय', म्हाताऱ्याचा 'होतो की', विधवेचा नुसता हुंकार, सगळेच त्यात एका मापाचे होऊन निघतात, आणि साक्षीदार कसा बोलला याची खूण वरिष्ठ न्यायालयापर्यंत पोहोचत नाही. याला मी भाषांतर मानत नाही.

सध्या माझ्या हाताखाली एक मुलगी शिकते आहे. पहिल्याच आठवड्यात तिने नकारार्थी प्रश्नावरचा 'हो' ऐकला आणि निःसंकोचपणे हात वर करून न्यायाधीशांना म्हणाली, 'साक्षीदाराचा हो कशाला आहे ते मला कळले नाही, प्रश्न सरळ करून पुन्हा विचारू द्यावा.' तिला परवानगी मिळाली. मला प्रथम तिचा राग आला; आमच्या काळी याला कच्चेपणा म्हणत. मग मला तो जॉबर आठवला. पुढल्या महिन्यापासून ती खुर्ची तिची आहे, आणि मी कागदांची भाषांतरे तेवढी करणार आहे.

वकीलवर्गाला माझी एकच विनंती आहे: उलटतपासात सूचक प्रश्नांची मुभा 1872 च्या पुरावा कायद्याने आपल्याला दिली होती आणि ती कोणी काढून घेतलेली नाही, ती खुशाल वापरावी, पण मराठी साक्षीदाराला 'तुम्ही नव्हता?' असे विचारू नये, 'तुम्ही होता काय?' असे विचारावे.