हिरवीचं वय

मॉलमध्ये तीन ढोबळ्या मिरच्या एका ट्रेमध्ये, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या असतात. एक लाल, एक पिवळी, एक हिरवी. शेजारीच सुट्या हिरव्यांचा ढीग असतो, आणि दोन्हींचे भाव वाचले की वाटतं, यांनी रंगाचे वेगळे पैसे लावलेत. लावलेत खरे, पण ते रंगापेक्षा दिवसांचे आहेत.

बहुतेक वाणांची ढोबळी मिरची आधी हिरवीच असते. झाडावर राहू दिली तर ‘बॉम्बे’ नावाचा वाण लाल होतो, ‘ओरोबेल’ पिवळा. म्हणजे पिवळी ही अर्धवट पिकलेली लाल नव्हे. पिवळा हा तिचा मुक्कामाचा रंग. हिरवी मात्र लाल-पिवळी दोघींचीही कोवळी अवस्था. कैरी आणि आंबा यांचं जे नातं, तेच इथं. आणि कैरीला कोणी ‘बिचारा कच्चा आंबा’ म्हणत नाही.

रंग पालटणारी मिरची एकदा जवळून बघावी. देठापाशी खांदे काळपट हिरवे, पोटावर मात्र चॉकलेटी डाग पसरलेला. सडायला लागली की काय, असं वाटावं इतका मळकट. हरितद्रव्य पुरतं ओसरलेलं नसतं आणि कॅप्सँथिनचा लाल वर चढू लागलेला असतो, त्या दोघांची ही सरमिसळ. पिवळीच्या वाट्याला हा अवतार येत नाही, ती पोपटी होत होत पिवळी होते. चॉकलेटी मिरची गिऱ्हाईक उचलतं, फिरवून बघतं आणि परत ठेवतं. मला विचाराल तर चवीला सगळ्यात गमतीची तीच : एका बाजूनं कडसर, दुसऱ्या बाजूनं गोड.

हिरवी तोडणीला आल्यावर पूर्ण रंग भरायला आणखी दोन-तीन आठवडे तरी जातात. एवढ्या काळात उघड्या रानात काय काय होतं, ते शेतकऱ्याला विचारा. ऊन लागून पांढरे चट्टे पडतात, अळी भोक पाडते, फुलकिडे आणि कोळी येतात. म्हणून रंगीत माल बहुतेक पॉलिहाऊसमध्ये नाही तर शेडनेटमध्ये, दोऱ्यांनी वर बांधलेल्या झाडांवर वाढतो. शिवाय झाडाचाही हिशेब असतो. हिरवी फळं वेळच्या वेळी तोडत गेलं की ते नवीन फळं धरत राहतं. तीच फळं पिकायला ठेवली तर त्यांच्या पोषणात गुंततं आणि पुढची फळं कमी धरतं. तेव्हा लाल मिरचीच्या भावात न धरलेल्या फळांचीही भरपाई असते.

तो थांबण्याचा काळ मिरचीत उतरतो. शंभर ग्रॅम हिरवीत साखर अडीच ग्रॅमच्या आसपास, लालमध्ये चार. ‘क’ जीवनसत्त्व हिरवीत सुमारे ८० मिलिग्रॅम, लालमध्ये त्याच्या दीडपट. हंगेरीच्या सेगेद शहरातला शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यानं या जीवनसत्त्वाचा मोठा साठा मिळवला तो ताज्या लाल मिरचीतूनच. जेवणात आलेली मिरची त्याला खायची नव्हती, सुटका म्हणून त्यानं ती प्रयोगशाळेत नेली, असा किस्सा तो स्वतःच सांगे. १९३७ चं नोबेल त्याला मिळालं, त्यात या जीवनसत्त्वावरचं कामही होतं. ताटातलं टाळण्यातून इतकं बरं क्वचितच निघत असेल.

आकड्यांत हिरवी हरते, नाकाशी मात्र जिंकते. चिरताना जो हिरवा, मातकट वास येतो तो पायराझिन जातीच्या एका द्रव्याचा. एक लाख कोटी थेंब पाण्यात त्याचे दोन थेंब असले तरी माणसाचं नाक ते ओळखतं. मिरची पिकते तसं ते कमी होत जातं. पावभाजीच्या तव्यावरून लांबवर येणाऱ्या वासात हिरव्या ढोबळीचा वाटा मोठा. तिथं लाल घालून बघा, रंग येईल, पावभाजी येणार नाही.

पीठ पेरलेल्या भाजीचंही तेच. हिंग-मोहरीच्या फोडणीत डाळीचं पीठ खमंग होतं, त्याला हिरवीचा कडसरपणा लागतो. रंगीत मिरची घातली की भाजी गुळचट लागते. लालचा मान वेगळा आहे : गॅसवर थेट धरून साल काळी होईपर्यंत भाजावी, झाकून ठेवावी, साल बोटांनी सुटते आणि आत रेशमासारखा गर निघतो. पिवळी सॅलडमध्ये कच्चीच बरी.

बुडाला तीन उंचवटे असले तर नर, चार असले तर मादी, मादी गोड, असंही मंडईत ऐकायला मिळतं. त्यात काही तथ्य नाही. एकाच झाडावर तीन आणि चार उंचवट्यांच्या मिरच्या सुखानं लटकत असतात, आणि फळाला नर-मादी नसतंच.

हल्ली जांभळीही दिसते. ती महाग, म्हणून ती लालच्याही पुढची असेल असं समजून लोक घेतात. प्रत्यक्षात ती बहुधा कोवळीच असते, पिकली की तीही लाल होते. तिचा जांभळा रंग वरच्या सालीपुरता. कढईत दोन मिनिटं परतली की तो उडतो आणि खालून हिरवी निघते.