मंडईशेजारचें ‘आर्यन’

पुण्याच्या महात्मा फुले मंडईंतून भाजी घेऊन बाहेर पडलें कीं जवळच ‘आर्यन’ नांवाचा वाहनतळ लागतो. हल्लीं घरोघरीं एखादा आर्यन असल्यामुळें हें नांव कोणा मुलाचें असावें, असें नव्या माणसास वाटल्यास नवल नाहीं. वस्तुतः येथें पुण्यांतील पहिलें कायमचें चित्रपटगृह होतें. ७ फेब्रुवारी १९१५ रोजीं बापूसाहेब पाठक यांनीं तें सुरू केलें. तत्पूर्वीं हलतीं चित्रें पाहावयाचीं तीं बहुधा तंबूंतच.

जागा मोठी मार्मिक निवडलेली. १८८६ सालची मंडई एका हाताला, तुळशीबाग हांकेच्या अंतरावर. सर्व थरांतील माणसांची वर्दळ दिवसभर आयतीच. मूकपटाच्या काळीं पडद्यावर मधूनमधून मजकुराच्या पाट्या येत. ज्यास अक्षरओळख असे तो त्या मोठ्यानें वाची आणि शेजारचे ऐकत. पेटी-तबल्याची साथ असे ती निराळीच.

या गृहाचा खरा मानाचा दिवस ७ फेब्रुवारी १९२० हा होय. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं स्वतः सिद्ध केलेल्या कॅमेऱ्यानें घेतलेला ‘सैरंध्री’ हा मूकपट येथें प्रथम लागला. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्यें तारामतीची भूमिका साळुंके या पुरुषानें केली होती, येथें गुलाबबाई व अनसूयाबाई या स्त्रिया पडद्यावर आल्या. लोकमान्य टिळकांनीं चित्र पाहून बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. पुढें सहा महिन्यांच्या आंतच लोकमान्य निवर्तले.

कथा विराटपर्वांतील. दुसऱ्याच्या घरीं राहून केशरचनादि कामें करणारी, परंतु स्वाधीन असलेली स्त्री ती सैरंध्री, असा अमरकोशाचा अर्थ आहे. त्या वेळच्या प्रेक्षकांस यांतील परगृहवास ठाऊक होता, स्वाधीनता नव्हती! खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकांतील कीचकांत लोकांनीं लॉर्ड कर्झनला ओळखलें होतें, आणि १९१० सालीं सरकारनें तें नाटक बंद पाडलें होतें. दहा वर्षांनीं तोच कीचक मुका होऊन मंडईपाशीं आला. ज्यांत उच्चारलेला एकहि शब्द नाहीं त्यांत आक्षेप तो कसला घ्यावयाचा? तरीहि भीमाच्या हातून होणारा वध इतका हुबेहूब उतरला होता कीं त्या दृश्यास कात्री लागलीच. माझ्या मतें नाटकावरील बंदीपेक्षां ही कात्री अधिक बोलकी आहे.

१९३१ पासून बोलपटांचें युग आलें. ‘आर्यन’ त्यांतहि टिकलें आणि १९८३ सालीं बंद झालें. इमारत गेली. ‘सैरंध्री’ची प्रतहि आज उपलब्ध नाहीं, त्या काळच्या बहुतेक मूकपटांची हीच गत आहे. तेव्हां पुण्यांतील जुन्या घरांच्या माळ्यावर ‘आर्यन’चें एखादें हस्तपत्रक किंवा तिकिटाचा तुकडा निघाल्यास गृहिणींनीं तो रद्दींत घालूं नये, इतकी विनंती आहे.