पडदे आधी की पॅड?

कुकरमध्ये पाणी कमी पडलं की शिटीचा सूर बदलतो, मिक्सरच्या भांड्याचं बेअरिंग गेलं की तो घरघरतो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. आपण बायका निम्मं घर कानांनीच चालवतो. पण गेल्या वर्षी आमच्या जुन्या अल्टोच्या पुढच्या चाकातून, ब्रेक दाबला की बारीकशी किरकिर येऊ लागली, तेव्हा मात्र मी माझ्याच कानांवर विश्वास ठेवला नाही.

सातिवलीला एका गाळ्यात माझं कापडी पिशव्या शिवण्याचं छोटंसं काम चालतं. चार मशिनं, चार जणी आणि मी. रोज गोखिवऱ्यावरून जाणं-येणं आणि आठवड्यातून एकदा माल घेऊन घोडबंदर रस्त्याने ठाण्याची फेरी. गाडी मीच चालवते. गाडीचं दुखलं-खुपलं मात्र ‘ह्यां’च्याकडे, अशी आमची जुनी वाटणी.

हे म्हणाले, “पावसात असा आवाज यायचाच.” ते अर्धंच खरं होतं. रात्रभर ओलाव्यात उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो. सकाळी दोन-चारदा ब्रेक लावला की तो निघतो आणि आवाजही थांबतो. पण माझी किरकिर भर दुपारी, कोरड्या रस्त्यावरही होती. मग ह्यांनी चाकाच्या फटीतून डोकावून निर्वाळा दिला, “पॅड आहेत की अजून!”

खरं सांगू? मलाही ते बरंच वाटलं. दिवाळी तोंडावर होती आणि हॉलच्या पडद्यांचं कापड मी हेरून ठेवलं होतं. त्या कापडाच्या पैशात पॅडचे दोन संच आले असते. मी पडदे घेतले.

दिवाळी झाली. एका संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळेला मी गाळ्यातून निघाले. त्या वेळी सातिवलीचा रस्ता माणसांनी नुसता फुलतो. उभ्या टेम्पोच्या आडून एक बाई एकदम पुढे आली. मी ब्रेक दाबला. किरकिरीच्या जागी दगडावर लोखंड घासावं तशी करकर झाली आणि गाडी थांबली, पण जिथे थांबायला हवी होती तिथे नाही. बंपर तिच्या पिशवीला लागला. डबा खाली पडून उघडला, उरलेला भात रस्त्यावर सांडला. तिला खरचटलंही नव्हतं. डबा उचलत ती एवढंच म्हणाली, “ताई, जरा बघून.” माझे हात घरी पोचेपर्यंत कापत होते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला घरी बोलावलं आणि तो चाक काढत असताना पहिल्यांदाच मी शेजारी उभी राहिले. त्याने दोन्ही पॅड माझ्या हातात ठेवले. बाहेरच्यावर थर शिल्लक होता. आतला मात्र पार पत्र्याला टेकला होता. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकून अडकल्या होत्या, म्हणून आतलाच पॅड झिजत राहिला. ह्यांनी फटीतून पाहिला तो बाहेरचा! डिस्कवरही चरे पडले होते. पॅडवर भागलं असतं तिथे डिस्कही घ्याव्या लागल्या.

त्या दिवशी जे शिकले ते तुम्हालाही सांगते. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून किरकिरते. ती सूचना असते. करकर म्हणजे उशीर झाला. नव्या पॅडचा थर साधारण 10 मिलिमीटर असतो. 3 वर आला की बदलावा. पाहताना चाक काढून, आतला आणि बाहेरचा, दोन्ही पाहावेत. बदलताना उजव्या-डाव्या चाकाचे एकदमच बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. पिना साफ करून त्यांचंच ग्रीस लावून घ्यावं.

गावात ने-आण करणाऱ्या छोट्या गाडीला भारी शर्यतीचे पॅड नकोत. कंपनीचे किंवा चांगल्या नावाचे पुरतात. मात्र पक्कं बिल घ्यावं, नंबर जुळवून पाहावा. ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली तर नुसतं वरून ओतू नये. पॅड झिजलेत किंवा कुठे गळतंय, असा त्याचा अर्थ. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून दोनेक वर्षांनी बदलावंच. चाकातली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे, ते फुप्फुसांना घातक. ओल्या फडक्याने पुसायला सांगावं.

नवे पॅड बसले की गाडी हलवण्याआधी पेडल टणक लागेपर्यंत दाबावं; पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळावेत. साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर हलके ब्रेक लावून ते सुकवावेत. गायमुखच्या उतारावर पाय ब्रेकवर दाबून ठेवण्यापेक्षा गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यावी.

आता दर सहा महिन्यांनी चाकं काढून पॅड पाहायचे, असं मी कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारीच लिहून ठेवते. हे नुसते हसतात.

त्या बाईंसाठी मी नवा डबा घेतला होता. तिने नाही घेतला. “पोचा आलाय थोडा, पण झाकण बसतंय,” म्हणाली. तो डबा आता आमच्या स्वयंपाकघरात असतो. पडदे सुंदर दिसतात. पण हॉलमध्ये आले की मला आधी तो डबा आठवतो.