सायकलीची कुरकुर

गेल्या वर्षीं मृग लागण्याच्या सुमारास माझी सायकल बोलूं लागली. प्रथम ती फक्त चढावर बोले. पुढें सपाटीवरहि बोलूं लागली. आणि श्रावण संपतां संपतां तर अशी स्थिति झाली कीं, मी सकाळचा फेरफटका आटोपून परत येऊं लागलों म्हणजे वाडीच्या वाटेवरूनच घरांत वर्दी पोंचे. "भावोजी आले, चहाचें आधण ठेव ग," असें वहिनी सुनेला सांगत, आणि मुलें माझ्या पायांच्या तालावर 'कर्र-टक्, कर्र-टक्' करीत ओटीवर नाचत.

ही सायकल मूळची माझी नव्हे. पुतण्यानें ती पुण्यास असतांना घेतली. पुढें त्याचें परदेशीं जाणें ठरलें, तेव्हां ती येथें मालवणास आणून ठेवून तो म्हणाला, "काका, नुसती ठेवूं नका, चालवीत जा. ठेवलेली वस्तु आपल्या हवेंत लवकर मरते." शर्यतीच्या धाटणीची, वांकड्या हँडलाची, अरुंद चाकांची ही सायकल, फ्रेम ॲल्युमिनियमची आणि पुढचा चिमटा कार्बनचा. वजन इतकें कमी कीं एका हातानें उचलून ओटीवर ठेवावी. साठी उलटल्यावर असल्या सायकलीवर बसणें शोभतें कीं नाहीं याची चर्चा घरांत यथास्थित झाली. परंतु पहांटे तारकर्लीवरून देवबागेच्या टोंकापर्यंत जाऊन येण्याची गोडी एकदां लागली ती लागलीच.

आवाज उजवा पाय खालीं गेला कीं येई, बरोबर त्याच क्षणीं. तेव्हां दोष पायांखालींच असला पाहिजे हें मला स्वयंसिद्ध वाटलें. पायडलांचा आंस फ्रेमच्या बुडाशीं ज्या नळींत फिरतो, त्या भागाला दुकानदार बी.बी. म्हणतात. आधुनिक सायकलींत पुष्कळदां हा भाग आट्यांवांचून नुसता दाबून बसविलेला असतो, आणि तसल्या सायकली या कुरकुरीबद्दल प्रसिद्धच आहेत. माझी सायकल आट्यांची आहे, तरी मीं बोट तेथेंच ठेवलें. बाजारांतल्या एका तरुण कारागिरानें तो भाग उघडला, पुसला, ग्रीस भरलें. आवाज कायम. मग मीं नवा बी.बी. मागवून त्याच्याकडूनच बसवून घेतला. बसवितांना तो अगदीं सौम्यपणें म्हणाला, "काकानू, आवाज हयसून येणा नाय." मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं कोळंबचा पूल ओलांडण्यापूर्वींच सायकल पुन्हां बोलूं लागली, आणि मी तसाच उलट फिरून त्याच्या दुकानांत गेलों. तेथें चार गिऱ्हाइकें उभीं होतीं. त्यांच्यादेखत मीं त्यास, हात चालत नसेल तर दुकान कशाला मांडतोस, असें विचारलें. तो कांहीं बोलला नाहीं. मजुरी पुढें केली ती मात्र त्यानें घेतली नाहीं. "आवाज गेलो काय मगे द्या," एवढेंच म्हणाला. हें त्याचें वागणें त्या वेळीं मला अपराधाची कबुली वाटलें.

त्यानंतर मीं स्वतःच शोध आरंभिला. कुरकुर म्हणजे तरी काय? घट्ट बसविलेले दोन भाग भाराखालीं एकमेकांवर केसभर सरकूं पाहतात. घर्षणानें क्षणभर चिकटतात, ताण वाढतांच सुटतात, पुन्हां चिकटतात. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हां हेंच घडतें. तेथें त्यास सूर म्हणतात, एवढाच फरक. आणि सायकलीची फ्रेम म्हणजे पातळ पोकळ नळ्यांचें वाद्यच. एका टोंकाला उठलेला आवाज नळींतून भलत्याच टोंकाला जाऊन पोंचतो व कान फसतो. त्यांतून आमचा किनारा! देवबागेच्या रस्त्याला एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास कर्लीची खाडी. वारा कोणीकडूनहि येवो, तो खाराच. ॲल्युमिनियमवर हवेनेंच एक पातळ थर धरतो आणि तो त्या धातूचें रक्षण करतो. परंतु मिठांतलें क्लोराईड तो थर ठिकठिकाणीं फोडतें. ॲल्युमिनियमला पोलादाचा स्क्रू टेकलेला असला व मध्यें खारें पाणी शिरलें, तर तेथें एक लहानसा विद्युत्घटच तयार होतो आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊं लागते. पावसाळा मीठ धुऊन नेतो खरा. पण या जिल्ह्यांत वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तो मिठाबरोबर ग्रीसहि धुऊन नेतो.

उतारावर पाय स्थिर ठेवून पाहिलें, आवाज नाहीं. तेव्हां चाकें सुटलीं. पायडल काढून त्यांच्या आट्यांना ग्रीस लाविलें. (डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हें विसरून मीं पाव तास तें सोडविण्याऐवजीं आवळीत होतों, ही गोष्ट घरांत कोणास सांगितलेली नाहीं.) मोठ्या दातेरी चक्राचे स्क्रू एकेक काढून, पुसून पुन्हां बसविले. पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेंपुढें हालवून पाहिलें. हें सर्व होईपर्यंत गणपति येऊन गेले. वहिनींनीं मध्यंतरीं माझ्या नकळत सांखळीला खोबरेल घातलें, कारण माहेरच्या आगरांतला रहाट कुरकुरला म्हणजे त्यास खोबरेलच घालीत. रहाटाला तें चालत असेल; सायकलीच्या सांखळीला त्यामुळें देवबागेची सगळी वाळू चिकटली, आणि ती साफ करण्यांत माझा एक रविवार गेला.

आमचे दादा माझ्याहून पंधरा वर्षांनीं मोठे. कांचबिंदूनें त्यांची दृष्टि जवळजवळ गेली आहे. दिवसाचा बहुतेक वेळ ते माजघरांतल्या झोपाळ्यावर बसून असतात. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १९८१ सालीं. त्याच्या कितीतरी अगोदर, हा सर्व मुलूख रत्नागिरीत असतांना, दादा चोवीस इंची काळ्या सायकलीवरून गांवोगांवच्या शाळांवर जात. सायकलींविषयीं त्यांना थोडा कौटुंबिक वाटावा असा अभिमान आहे. किर्लोस्कर बंधूंनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें, आणि पुढें लोखंडी नांगरांनीं नांव काढलेले लक्ष्मणराव प्रथम सायकलींच्याच धंद्यांत होते, हें ते प्रत्येक पाहुण्यास सांगतात. व किर्लोस हें गांव आपल्याच मालवण तालुक्यांतलें, हें पुस्तीसारखें जोडतात. कुरकुर सुरू झाली तेव्हां त्यांनीं पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें कीं, कॉटर पाहा. त्यांच्या काळच्या सायकलींत क्रँक आंसाला एका पाचरीनें अडकविलेली असे. ती झिजली कीं असाच आवाज येई. माझ्या सायकलीला कॉटरच नाहीं, म्हणून मीं हंसून तें सोडून दिलें. आणि खरें सांगावयाचें तर त्यानंतर या विषयांत त्यांना कांहीं विचारलेंहि नाहीं.

नवरात्रांत एके दिवशीं मी ओटीवर सायकल उलटी करून बसलों असतां दादांनीं आंतून हांक मारली.

"अरे, आपली घाटी चढतांना तूं बसून चढतोस कीं उभा राहून?"

आमच्या बेड्यापूर्वीं सिमेंट केलेली वीस-पंचवीस हातांची खडी घाटी आहे. गुडघ्यांमुळें मी एरवीं उभा राहून सायकल मारीत नाहीं. तेथें मात्र नाइलाज होतो.

"उभा राहून. कां बरें, दादा?"

"वाटेवर ती बोलते. घाटी लागली कीं गप्प होते. आंगणांत आलास कीं पुन्हां बोलते. तुझें ओझें पायांवर येतें तेव्हां जी गप्प बसते, ती पायांत कशी दुखत असेल? बुडाखालीं पाहा." जरा थांबून ते म्हणाले, "या झोपाळ्याचें आठवतें ना? वर्षभर कड्यांना तेल घातलें. खालचें जाजम फुकट गेलें, आणि निघालें काय, तर फळीचा सांधा."

मी चार महिने रोज ती घाटी चढत होतों. मला तें ऐकूं आलें नव्हतें.

बसून सायकल मारतांना प्रत्येक पायाबरोबर सीटवर कंबर किंचित् डावीउजवीकडे डोलते. म्हणून सीटचा आवाजहि पायांच्याच तालांत येतो, आणि मनुष्य पायांखालीं शोधीत बसतो. मीं सीटचा दांडा ओढला तर तो हालेना. पिळून पिळून काढला तेव्हां त्याजवर पांढरी भुकटी आणि बारीक वाळू यांचा थर बसलेला होता. मग आठवलें: चैत्रांत सायकल मोटारींत घालून कणकवलीस नेली, तेव्हां दांडा मींच काढला होता. परत आल्यावर न पुसतां, ग्रीसचें बोट न लावतां, तसाच कोरडा खुपसला होता. कारागिराचा त्याच्याशीं काडीचाहि संबंध नव्हता. आणखी एक पावसाळा तो तसाच राहता तर दांडा व फ्रेम एकजीव होऊन बसते, आणि मग करवतीवांचून इलाज नव्हता.

दांडा व सीट घेऊन मी दुकानांत गेलों. जे शब्द चार गिऱ्हाइकांदेखत बोललों होतों ते दुकान रिकामें असतांना परत घेणें सोपें होतें. म्हणून बाहेरच्या बांकावर बसून राहिलों. तीन माणसें जमलीं तेव्हां आंत जाऊन, चूक माझीच होती, असें त्यास सांगितलें. तो इतका संकोचला कीं त्यानें माझ्याकडे पाहिलेंच नाहीं. हातांतली सीट उलटी करून ती धरणारे दोन बोल्ट सोडूं लागला. एक निघाला. दुसरा निघाला तो त्यानें उजेडांत धरला. आट्यांच्या मुळाशीं गंजाचे खड्डे पडले होते, आणि त्यांतल्या एका खड्ड्यांतून केसासारखी बारीक चीर अर्ध्या घेरापर्यंत गेली होती. त्यानें तो पकडींत धरून किंचित् वांकविला. 'टक्' असा आवाज होऊन त्याचे दोन तुकडे झाले. तोच आवाज. कोळंबच्या पुलावर, मागून ट्रक येत असतां, तो माझ्या खालीं तुटावयास कितीसे दिवस राहिले होते याचा विचार त्यानेंहि केला असावा. कारण ते तुकडे त्यानें टाकले नाहींत, कागदांत गुंडाळून माझ्या हातांत दिले.

नवे बोल्ट न गंजणाऱ्या पोलादाचे घातले, आणि त्या भागावर जेवढा जोर छापलेला आहे तेवढाच मोजून देणाऱ्या पान्यानें आवळले. दांड्याला ग्रीस लाविलें. (दांडा कार्बनचा असता तर साधें ग्रीस चालत नाहीं, त्याची खरबरीत लुकटी वेगळी मिळते.) दुसऱ्या दिवशीं देवबागेपर्यंत जाऊन आलों. सायकलीचा एक शब्द नाहीं. फक्त टायरांचा रस्त्यावरचा सळसळाट आणि समुद्र.

आंगणांत उतरलों तेव्हां चहाचें आधण अर्थातच ठेवलेलें नव्हतें. ओटीवर चढतों तों दादा काठी घेऊन दारांत उभे.

"कोण तें?"

"मी, दादा."

"केव्हां आलास? सात वाजून गेले. वाटेकडे कान लावून बसलों होतों, कांहींच ऐकूं येईना. म्हटलें, आज इतका उशीर कां?" त्यांचा आवाज नेहमींचा नव्हता. वहिनी मागून हळूच म्हणाल्या, "साडेसहापासून तीनदां दाराशीं येऊन गेले."

शर्यतीच्या सायकलींना घंटा नसते. पुतण्यानेंहि ती बसविली नव्हती. त्याच दिवशीं संध्याकाळीं दुकानांत जाऊन पितळेची एक घंटा घेतली. कारागिरानें ती हँडलावर बसवून दिली, तिचे पैसे घेतले, आणि मागची राहिलेली मजुरी मीं पुढें केली तेव्हां या वेळीं तीहि घेतली. आतां घाटीच्या पायथ्याशीं आलों कीं मी दोनदां घंटा वाजवितों. आंत झोपाळ्याच्या कड्या क्षणभर थांबतात, आणि पुन्हां सुरू होतात.