ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर

चंडीगढच्या सुखना तलावाच्या काठी पहाटे फिरायला येणाऱ्या मंडळींना ती आता चांगलीच ओळखीची झाली होती. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगात सलवार-कमीज, पायांत जाडजूड बूट अन् पाठीवर भली मोठी सॅक! पहिल्या दिवशी एका सरदारजींनी विचारलंच, "बहनजी, गाडी छूट गई क्या?" सॅकमध्ये पाच किलो कणीक आहे हे कळल्यावर मात्र ते बघतच राहिले.

नवऱ्याची बँकेतून बदली झाली म्हणून हे नाशिकचं कुटुंब चंडीगढला आलेलं. पुण्यात नोकरी करणारी मुलगी फोनवर सहज म्हणाली, "आई, मेमध्ये सर पासचा ट्रेक करतेय. येतेस?" आई चक्क "हो" म्हणाली. हिमाचलमधल्या कसोलहून निघायचं, रोज चालायचं अन् सुमारे १३,८०० फुटांवरची बर्फाची खिंड ओलांडायची.

"जायचं तर जा, पण सामान खेचरावर टाक," नवऱ्यानं बजावलं. मुलगीही म्हणाली, "तुझं सामान मीच घेईन ना." पण तिला ते पटेना. तिची आजी आळंदीहून पंढरपूरला, म्हणजे चांगलं अडीचशे किलोमीटर पायी जायची. डोक्यावरचं गाठोडं कुणी मागितलं तरी द्यायची नाही. इतकी वर्षं साऱ्या घराच्या बॅगा भरणाऱ्या तिनं मात्र स्वतःची बॅग कधी उचललीच नव्हती!

सॅकचं वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त असू नये, असा ट्रेकर लोकांचा साधारण ठोकताळा. तिचं वजन छप्पन्न किलो. म्हणजे फार तर अकरा किलो. सुरुवात तीन किलोंपासून झाली. दर आठवड्याला किलोभर वाढ. पहिल्या आठवड्यात खांदे असे भरून आले की पोळ्या लाटवेनात. मग मुलीनं फोनवरच समजावलं, "आई, ओझं खांद्यावर नाही, कमरेवर घ्यायचं. आधी कमरेचा पट्टा आवळ, मग खांद्याचे." जड वस्तू पाठीला चिकटून अन् हलक्या तळाशी, हेही तेव्हाच कळलं. नवे बूट तिनं घरात, अगदी स्वयंपाक करतानाही घातले. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, कोण जाणे!

पण चंडीगढ पडलं सपाट. चढ आणायचा कुठून? राहत्या इमारतीचे तीन जिने ती रोज दहा वेळा चढू-उतरू लागली. मार्चअखेरीस एका रविवारी दोघं परवाणूला गेली आणि जुन्या पायवाटेनं कसौलीला चढली. तिच्या पाठीवर चौदा किलो होते. ठोकताळा माहीत असूनही, निव्वळ हौसेपायी! चढताना काही वाटलं नाही. उतरताना मात्र उजवा गुडघा बोलू लागला आणि दुसऱ्या दिवशी सुजून टम्म झाला. निघायला पाच आठवडे उरले होते.

"झाली हौस?" असं नवरा म्हणाला नाही. त्याच्या न बोलण्यानंच तिला जास्त रडू आलं.

डॉक्टरांनी दहा दिवस विश्रांती सांगितली. उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, हे त्यांनी समजावलं आणि एक युक्तीही सांगितली. सॅकमध्ये कणकेऐवजी पाण्याच्या बाटल्या भरा. एक लिटर म्हणजे एक किलो. वर पोहोचलात की पाणी ओतून टाका नि हलक्या पाठीनं उतरा. तेव्हापासून गच्चीवरच्या कुंड्यांची चंगळ झाली.

त्या दहा दिवसांत तिनं सामान पुन्हा पलंगावर मांडलं. चारातले दोन सलवार-कमीज परत कपाटात गेले. जाड टॉवेलऐवजी पंचा आला, स्टीलच्या डब्याऐवजी प्लॅस्टिकची पिशवी. 'असू दे, लागेल' म्हणून घेतलेल्या वस्तूंचंच वजन दोन किलोंवर निघालं! औषधं, रेनकोट अन् लोकरी मोज्यांना मात्र तिनं हात लावला नाही. शेवटी कबाडीवाल्याच्या काट्यावर सॅक टांगली. साडेनऊ किलो. कसौलीची वाट तिनं पुन्हा एकदा, काठी टेकत, सावकाश केली. गुडघा कुरकुरला, पण सुजला नाही.

मेमध्ये मुलगी आली. सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर सोडायला आलेल्या नवऱ्यानं सवयीनं सॅककडे हात नेला, पण ती आधीच पाठीवर चढलेली. मग त्यानं पिशवीतून डिंकाच्या लाडवांचा डबा काढला. खास नाशिकहून मागवलेला.

तिनं डबा हातात घेऊन अंदाज घेतला. कमीत कमी किलोभर तरी. चार लाडू काढून कागदात गुंडाळले, दोन मुलीच्या हातावर ठेवले आणि डबा त्याला परत दिला.

"तुम्ही खा. रोज एकच, साखर वाढतेय तुमची."

बस हलली.